बाहेरच्यांसाठी वेगळं लॉगिन

आपल्या वाळूजला 1985 साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या भोवती सुटे भाग पुरवणारे लघुउद्योग वाढले. अशा कारखान्यांचे हिशेब, ड्रॉइंग, मालाच्या नोंदी आता क्लाउडवर असतात, आणि त्या बाहेरच्यांनाही पाहाव्या लागतात. सीए, डिझायनर, ठेकेदार. मग सोपा मार्ग काय? आपलाच पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅपवर धाडून द्यायचा!

हे महागात पडू शकतं. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणं बंधनकारक आहे. एकच लॉगिन चौघे वापरत असतील, तर बिलाची रक्कम नेमकी कोणी बदलली, हे ती नोंद कशी सांगणार?

यासाठीच ‘गेस्ट युजर’ची सोय असते. मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थेत पाहुण्याला ईमेलवर निमंत्रण जातं, तो स्वतःच्याच खात्याने आत येतो आणि आपण दिलेलं फोल्डर उघडतो. निमंत्रण त्याच्या ऑफिसच्या ईमेलवर पाठवा, खासगी जीमेलवर नको. त्याने नोकरी सोडली, तिथलं खातं बंद झालं, की आपलंही दार त्याला बंद.

एक गंमत मात्र आहे. मूळ सेटिंग तसंच ठेवलं, तर हा पाहुणा आणखी पाहुण्यांना बोलावू शकतो! तो अधिकार पहिल्याच दिवशी काढून घ्या. दुहेरी पडताळणी सक्तीची करा. आणि ऑडिट संपलं की सीएंच्या मदतनिसाचं खातं हटवा. चुकून हटवलं, तर 30 दिवसांच्या आत परत आणता येतं.