घरकुल आलं, जागा कुठाय?

(मंडळाच्या स्नेहसभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



दोह्यात दोन मराठी माणसं भेटली की तिसऱ्या मिनिटाला पुण्यातल्या नाहीतर पनवेलच्या फ्लॅटचा भाव निघतो. मी आज एक वेगळा भाव सांगणार आहे. 1 लाख 20 हजार रुपये, आणि त्यात अख्खं घर! ग्रामीण भागातल्या प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट प्रदेशातल्या घरकुलाची ही मूळ रक्कम. डोंगराळ भागात 1 लाख 30 हजार. शौचालयाचे 12 हजार वेगळे. 2025-26 च्या अर्थसंकल्पात राज्य सरकारने आणखी 50 हजारांची भर जाहीर केली. घर किमान 25 चौरस मीटरचं, स्वयंपाकाची जागा धरून. म्हणजे साधारण 269 चौरस फूट. आपल्यापैकी काहींचा इथला हॉल त्याहून मोठा असेल. पण ज्याचं छप्पर दर पावसाळ्यात गळतं, त्याच्यासाठी हे 269 फूट फार मोठे असतात.

योजना तशी जुनी. 1985-86 साली इंदिरा आवास म्हणून सुरू झाली, 1996 पासून स्वतंत्र झाली आणि 2016 मध्ये तिला हल्लीचं नाव मिळालं. अनुसूचित जातींसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी या राज्याच्या योजना आहेतच. गावात मात्र सगळ्यांना एकच नाव, 'घरकुल'.

पैसा केंद्राचा 60 टक्के, राज्याचा 40. पण गाडा ओढायचा तो जिल्हा परिषदेने, पंचायत समितीने आणि शेवटी ग्रामपंचायतीने. 2011 च्या सामाजिक-आर्थिक पाहणीवरून पहिली यादी झाली. त्यातून सुटलेल्यांची पुन्हा नोंद झाली, तीच गावोगावची प्रसिद्ध 'ड यादी'. यादी ग्रामसभेत वाचायची, पात्र कोण, अपात्र कोण ते तिथे ठरायचं. मोटरसायकल आहे म्हणून नाव कापलं, फ्रीज आहे म्हणून कापलं, असे नियम होते. 2024 मध्ये ते बरेच सैल केले, आणि ते योग्यच झालं. मजुरीला दहा किलोमीटर जाणाऱ्या माणसाची जुनी मोटरसायकल म्हणजे काही श्रीमंती नव्हे.

आता माझ्या धंद्याचं थोडं. या योजनेचा सगळा हिशेब संगणकावर असतो. घराच्या प्रत्येक टप्प्याचा फोटो काढायचा, तो कुठल्या अक्षांश-रेखांशावर काढला त्याची नोंद आपोआप होते, आणि हप्ता सरळ लाभार्थ्याच्या खात्यात. ठेकेदार नाही, घर ज्याचं त्याने बांधायचं. संगणकवाला म्हणून मला ही रचना आवडते. कागदावरची घरं दाखवून पैसे उचलणं त्यामुळे अवघड झालं. पण कितीही चांगलं सॉफ्टवेअर लिहा, ते जमीन तयार करू शकत नाही. आणि खरं अडतं ते तिथे.

मंजुरीपत्र हातात आहे, पण बांधायचं कुठे? काहींना जागाच नाही. कित्येक कुटुंबं गायरानात राहतात. 28 जानेवारी 2011 ला सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरच्या अतिक्रमणांविरुद्ध निकाल दिल्यावर तिथलं घर नावावर होणं फार कठीण झालं. भूमिहीनांसाठी राज्याची दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची योजना आहे, 500 चौरस फुटांपर्यंतची जागा विकत घ्यायला. मदत आधी 50 हजार होती, पुढे 1 लाखापर्यंत नेली. पण तालुक्याच्या रस्त्याला लागून असलेल्या गावात त्या पैशात कोण जागा देतो? इथे कतारमध्ये सरकार 2007 च्या कायद्याप्रमाणे पात्र नागरिकाला जमीन देतं आणि बांधकामाला कर्जही. तेलाचा आणि गॅसचा पैसा आहे म्हणून जमतं, हे कबूल. तरी घराचा विचार जमिनीपासून सुरू करायचा, हे त्यातून घेण्यासारखं आहे.

आणि आता तिसरा प्रकार, ज्यासाठी मी खरं तर उभा राहिलोय. जागा आहे. वडिलोपार्जित आहे. पण ग्रामपंचायतीच्या नमुना 8 ला नाव अजून आजोबांचं! आजोबा जाऊन वीस वर्षं झाली. वारसांपैकी एक गावात पडक्या घरात राहतो, एक मुंबईत, एक दोह्यात. गावातल्या भावाचं नाव घरकुलाच्या यादीत येतं. ग्रामपंचायत साधारणपणे सहहिस्सेदारांचं संमतीपत्र मागते, आणि बांधकाम तिथेच थांबतं. मुंबईचा म्हणतो, दोहावाल्याला विचार. दोहावाला म्हणतो, गणपतीला आलो की बघू. गणपतीला येतो तो पाच दिवस. त्यातले दोन प्रवासात, आणि सणासुदीला वाटणीचा विषय कोण काढणार?

भावाला असलेला अविश्वास मी समजू शकतो, कधीकधी तो रास्तही असतो. पण बहुतेक वेळा अविश्वास नसतोच, नुसता आळस असतो. सगळी जागा सोडा असं कुणी म्हणत नाही. परसातला तीनशे फुटांचा तुकडा वेगळा दाखवून त्यापुरती संमती देता येते, बाकीचा हिस्सा शाबूत राहतो. बहिणींचाही हक्क आहे, 2005 च्या दुरुस्तीने तो आणखी पक्का झाला. तेव्हा इथे बसलेल्या ताईंनो, तुमचीही सही लागणार. आणि या योजनेत घर शक्यतो बाईच्या नावावर किंवा नवरा-बायको दोघांच्या नावावर मंजूर होतं. म्हणजे तुमची सही भावाबरोबर वहिनीच्याही कामाची.

आता व्यवहाराचं. सहीसाठी गावी जावंच लागतं असं नाही. मुखत्यारपत्राचा मसुदा तालुक्याच्या वकिलाकडून मागवा, त्यात गट किंवा मिळकत क्रमांक आणि चतुःसीमा नीट लिहून घ्या. नुसतं 'सर्व अधिकार' असं मोघम लिहू नका, फक्त या तुकड्यापुरतं लिहा. इथल्या भारतीय दूतावासात जाऊन त्यांच्यासमोर सही करा आणि साक्षांकन घ्या. पत्र महाराष्ट्रात पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं, ही तारीख लोक हमखास चुकवतात. हक्कसोडपत्र असेल तर ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं. त्याआधी वारस नोंदीचा अर्ज ग्रामपंचायतीत देऊन ठेवा आणि पोच घ्या. पोच फोनवर मागवा, म्हणजे अर्ज दिला की नुसताच दिला म्हणतात ते कळेल.

काकू खुणावताहेत, चहा झालाय. ज्यांना मसुदा कसा असतो ते बघायचं असेल त्यांनी टेबलापाशी या, मी दोन प्रती आणल्यात.