माळ्यावरची गिटार खाली काढा



मुलं शिकायला पुण्या-बंगळुरूला गेली आणि त्यांची गिटार माळ्यावर राहिली, असं आपल्यापैकी अनेकांच्या घरी झालंय. ती आधी खाली काढा. सोलापूरचा उन्हाळा ४० अंशांच्या पुढं जातो. त्या उष्णतेनं लाकूड वाकतं, चिकटवलेले सांधे सुटतात. गंजलेल्या तारा बदला. ॲकॉस्टिक असेल तर पहिली तार ०.०१० इंचाची असलेला संच घ्या, बोटं कमी दुखतात. इलेक्ट्रिकला थेट खोचायचे, चार्जिंगवर चालणारे छोटे हेडफोन ॲम्प आता मिळतात. रात्री वाजवलं तरी शेजारी उठत नाहीत.

सोलोची भीती नको. संगीताच्या तासाचा भूप आठवतो? सा रे ग प ध. याच पाच सुरांना पाश्चात्त्य संगीतात मेजर पेंटॅटॉनिक म्हणतात. रॉकमधले कितीतरी सोलो ज्या मायनर पेंटॅटॉनिकवर उभे आहेत, ते सूर आपल्या धानीचे. ओळ आधी गुणगुणा, मग वाजवा. गाताना श्वासाला थांबतो, तसंच वाजवतानाही थांबा.

तार ओढून सूर चढवायचा असेल, तर दोन पडदे पुढचा सूर आधी वाजवून ऐका, मग ओढून तिथं पोचा. मेट्रोनोम ६० वर लावा. स्वच्छ वाजलं तरच ५-५ नं वाढवा. यंत्रमागांच्या खटखटाटात वाढलेल्यांना ठेक्याचं वेगळं काय सांगायचं!

या वयात बोटं हळू वळतात, हे खरं. पण रोजची १५ मिनिटं बरंच काही करतात. पुढच्या स्नेहमेळाव्याला ऑर्केस्ट्रा बाहेरून नको; मंचावर आपणच बसू.