चौदा एप्रिल : तारीख एक, आठवणी अनेक

(गोराई, बोरिवली येथे रहिवाशांच्या कौटुंबिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



चौदा एप्रिल म्हटले की आपल्या गोराईच्या वसाहतीत सकाळपासून निळ्या पताका फडकू लागतात. भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची ती जयंती. अग्निशमन दलाचा स्मृतिदिनही तोच. आणि आमच्या घरी त्या दिवशी आत्याचा वाढदिवस असतो. ही तिसरी गोष्ट खाजगी आहे. पण दुसरीशी ती अशी काही गुंतलेली आहे की एक सांगताना दुसरी टाळता येत नाही.

१९४४ सालचा चौदा एप्रिल, शुक्रवार. दुसरे महायुद्ध ऐन भरात होते. जपानी सैन्य ईशान्येस इंफाळ-कोहिमापर्यंत येऊन ठेपले होते. मुंबईत रेशनिंग होते, काळोखबंदी होती. आमचे आजोबा गोदीत टॅली क्लार्क होते. जहाजातून उतरणारा माल मोजून वहीत मांडायचा, हे त्यांचे काम. बिऱ्हाड मांडवीला, दोन खोल्यांचे. वडील तेव्हा नऊ वर्षांचे. आजीला नववा महिना लागलेला.

व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ नावाचे ब्रिटिश मालवाहू जहाज दोन दिवसांपूर्वी लागले होते. त्यात सुमारे चौदाशे टन स्फोटके होती, आणि त्यांच्या जोडीला कराचीला चढविलेल्या कापसाच्या सुमारे ८,७०० गासड्या. कापूस आणि दारूगोळा एकाच पोटात भरणे हा शहाणपणा नव्हे, हे कुणीही सांगेल. पण युद्धकाळात जहाजांची वानवा होती. हिंदुस्थानच्या बंदरात हिंदी कामगारांच्या हातून काय उतरवले जात आहे, हे त्या कामगारांना सांगण्याची गरज परक्या सरकारला वाटली नाही. धोक्याचा माल दर्शविणारा लाल बावटासुद्धा जहाजावर नव्हता, असे सांगतात.

दुपारी जेवणाच्या सुटीनंतर कापसात धूर दिसला. बंब आले. आपल्या पायाखाली काय आहे याची पुरती कल्पना नसताना ते जवान जहाजावर चढून पाणी मारीत राहिले. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. सुमारे अर्ध्या तासाने दुसरा झाला, तो पहिल्याहून मोठा. त्याचा हादरा सिमल्याच्या भूकंपमापकावर उमटला. शेजारचे ‘जलपद्म’ हे जहाज उचलले जाऊन धक्क्यावरच्या गोदामावर जाऊन पडले. अग्निशमन दलाचे सहासष्ट जवान त्या दिवशी कामी आले. एकंदर मृतांचा आकडा कुणी आठशे सांगतात, कुणी त्याहून बराच अधिक. आजोबा त्यांच्यापैकी एक. कोणत्या यादीत ते आहेत, हे आम्हाला आजवर ठाऊक नाही. कारण त्यांचा देह मिळालाच नाही.

पहिल्या स्फोटाने चाळीच्या काचा फुटल्या. जपानने बॉम्ब टाकले, अशीच सर्वांची समजूत झाली. आजीने देवघरातली अन्नपूर्णा पदरात बांधली, वडिलांचा हात धरला आणि त्या अवस्थेत ती गिरगावात मावसबहिणीकडे चालत गेली. रात्री तेथेच आत्याचा जन्म झाला. आकाश इतके लाल होते की सुईणीला दिव्याची गरज पडली नाही, असे आजी सांगे. सांगता सांगता तिने त्यात थोडी भर घातलीही असेल.

या जहाजात सोन्याच्या विटा होत्या, हे आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकले असेल. मी ही हकीकत कुठेही सांगायला लागलो की पहिला प्रश्न सोन्याचाच येतो. सहासष्ट जवानांविषयी कुणी विचारत नाही. असो.

गोदी पुन्हा उभी करायला सुमारे आठ हजार माणसे सात महिने राबली. आमचे घर सावरायला बारा वर्षे लागली. देह नाही म्हणून अंत्यसंस्कार नाही, आणि संस्कार नाही म्हणून आजीने कुंकू पुसले नाही. रोज संध्याकाळी ती दोन पाने जास्त वाढून ठेवी, असे वडील सांगत. सधवा म्हणावे की विधवा, हे नातेवाइकांना कळेना. मग त्यांनी सारा राग त्या तान्ह्या पोरीवर काढला. पांढऱ्या पायाची म्हणून तिला हिणवले. तिचा वाढदिवस घरात कुणी उच्चारीत नसे. आपल्या माणसांतली ही निष्ठुरता मी झाकून ठेवणार नाही. ती परक्या सरकारची देणगी नव्हती.

बेपत्ता माणसाची बारा वर्षे वाट पाहावी, मग पळसाच्या पानांची प्रतिमा करून तिला अग्नी द्यावा, असे शास्त्र आहे. १९५६ साली वडिलांनी, तेव्हा एकवीस वर्षांचे होते ते, नाशिकला गोदाकाठी तो विधी केला. परतल्यावर आजीने घरातल्या सर्वांना बसवून सांगितले, “तिथी त्यांची, तारीख हिची.” चैत्र वद्यातली ती तिथी तारखेपासून दर वर्षी मागेपुढे सरकते. त्या दिवशी श्राद्ध होऊ लागले, आणि चौदा एप्रिलला बारा वर्षांच्या मुलीला पहिल्यांदा ओवाळले गेले. ज्या मावशींनी तिला सर्वांत जास्त बोल लावले होते, त्यांनाच आजीने निरांजन हाती धरायला लावले.

आत्या पुढे शिक्षिका झाली. निवृत्तीनंतर आमच्याबरोबर गोराईला आली. आता तिने ऐंशी ओलांडली आहे. शाळेत मुले विचारीत, “बाई, तुमचा वाढदिवस कधी?” तेव्हा ती म्हणे, “बाबासाहेबांच्या दिवशी. आख्खी मुंबई सुटी घेते.” मागच्या दिवसाचे मात्र तिने वर्गात कधी काढले नाही.

गेल्या चौदा एप्रिलला तिने मला पेढे आणायला सांगितले आणि जवळच्या अग्निशमन केंद्रावर घेऊन चल म्हणाली. तिथल्या तरुण जवानाने विचारले, “आजी, पेढे कशाबद्दल?”

“माझा वाढदिवस आहे,” ती म्हणाली.

त्या दिवशी ते लोक छोटे ध्वज छातीला लावतात. त्याने त्यातला एक काढून तिच्या पदराला लावला. घरी आल्यावर तिने तो देवघरात, त्याच अन्नपूर्णेपाशी ठेवला आहे.