पापड कशासाठी लाटायचे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चारचौघींपुढे उभे राहून बोलायची मला सवय नाही. पण आपला पापडाचा उद्योग चालू ठेवायचा की बंद करायचा, हा प्रश्न आज निघाला आहे. त्या कामात मी पहिल्या दिवसापासून आहे, म्हणून बोलते.

गेल्या उन्हाळ्यात आपण बाराजणींनी सुरुवात केली. दिवाळीपर्यंत चौघी उरलो. कोणी म्हणाली, वेळ होत नाही. कोणी म्हणाली, मी जास्त लाटते, मग पैसे सारखे का? एका दुकानदाराने भाव पाडून मागितला, तेव्हा आपण उडदाच्या पिठात हलके पीठ मिसळले. नेहमीच्या गिऱ्हाइकाने ते पापड परत पाठवले. दोष दुसऱ्या कोणाला देत नाही, ते पीठ मीच भिजवले होते. पण त्या रात्री मला झोप आली नाही. हाच पापड लाटून हजारो बायकांनी संसार उभे केले, मग आपलेच का फसले?

लिज्जत पापडाची हकीकत आपण ऐकलेली असेल. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गृहिणी पापड लाटायला बसल्या. जसवंतीबेन पोपट त्यांतल्याच एक. भांडवल काय, तर छगनलाल पारेख ऊर्फ छगनबाप्पा या समाजसेवकांकडून उसने घेतलेले ८० रुपये! पहिल्या दिवशी झाली चार पाकिटे. त्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड पसरायचे नि खाली स्टोव्ह पेटवायचा. काम थांबले नाही.

आपण असतो तर पहिल्याच पावसाळ्यात लाटणी धुऊन ठेवली असती. त्या का टिकल्या? मला वाटते, आपण हे कशासाठी करतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते. घरच्या बाईने आपल्या कष्टाचे चार पैसे मानाने मिळवावेत, एवढेच ते. मग बाकीचे नियम त्यातूनच आले. तोटा झाला तरी देणगी घ्यायची नाही. जी लाटील ती मालकीण, म्हणून नफा-तोटाही सर्वांचा. सुरुवातीला त्या उत्तम व हलका असे दोन प्रकारचे पापड करीत. छगनबाप्पांनी सांगितले, एकच करा, पण चांगला करा. मानाने कमवायचे तर मालही मानाचा हवा. सातजणींच्या आज सुमारे ४५ हजार झाल्या आहेत आणि जसवंतीबेनना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

कोणी म्हणेल, हे मुंबईचे झाले. मग आपल्या जिल्ह्यातले प्रवरानगर पाहा. शेतकऱ्याच्या उसाचा कारखाना शेतकऱ्याच्याच मालकीचा हवा, हे विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून सांगितले. धनंजयराव गाडगीळांसारख्या विद्वानांनी पाठबळ दिले. १९५० साली तेथे पहिला गळीत हंगाम झाला. त्याआधी धुराडे दिसत नसतानाही लोकांनी भागाचे पैसे दिले. ते पैसे कशासाठी देतो, हे त्यांना कळले होते.

आणि आपण एकमेकींना काय सांगितले? ‘या, दोन पैसे मिळतील.’ दोन पैसे कमी झाले तशा बायकाही कमी झाल्या.

पण आपल्या उरलेल्या चौघींत एक आहे. तिचे नाव घेत नाही. पहिले पैसे हातात आले तेव्हा तिने मुलीच्या परीक्षेची फी भरली. मला म्हणाली, “वहिनी, आज प्रथमच कोणापुढे हात पसरला नाही.” ती एक दिवसही चुकली नाही. आपला उद्देश तिने एका वाक्यात सांगितला, आपल्याला तो शोधायला जायला नको.

मात्र नुसता उद्देश फळ्यावर लिहून भागणार नाही, तो हिशेबाच्या वहीत दिसायला हवा. म्हणून माझी सूचना अशी. लाटलेला पापड तोलून घ्यावा नि ज्याचे त्याला त्याच दिवशी द्यावे. महिन्याचा हिशेब सर्वांसमोर वाचावा. पीठ एकच, चांगले वापरावे, मग गिऱ्हाईक थोडे कमी आले तरी चालेल. आणि येणाऱ्या प्रत्येकीला आधी सांगावे की हे काम कोणापुढे हात पसरावा लागू नये म्हणून आहे.

एवढे पटत असेल तर उद्योग बंद करू नका. उद्या सकाळी मी पीठ भिजवणार आहे. ज्यांना यायचे त्यांनी आपापले पोळपाट-लाटणे घेऊन यावे.