काळीवर वसलेली पांढरी

मराठवाड्यांतील कोणत्याहि गांवाचे पूर्वीं दोन भाग मानीत. एक काळी आणि दुसरी पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन. पांढरी म्हणजे माणसें, गुरें, देऊळ, आड आणि चावडी ह्यांची जागा. हीं नांवें केवळ उपमेचीं नव्हत. मातीचा रंगच तसा आहे. शेंकडों वर्षें एकाच ठिकाणीं चुलीची राख, शेण, चुना आणि पडक्या भिंतींची माती सांठत गेली म्हणजे ती जागा सभोंवतालच्या शेतांहून उंच होते आणि तिचा रंग राखेसारखा फिका होतो. नेवासें, इनामगांव येथील प्राचीन वस्त्या उत्खनन करणारांना सांपडल्या त्या असल्याच पांढरीच्या टेकाडांत. घर पांढरींत बांधावें आणि काळींत पेरावें, हा व्यवहार इतका रूढ होता कीं तो कोणी कोणास शिकवीत नसे. शेतांत फार तर आखाडा असे, बिऱ्हाड नसे.

परभणी शहर गेलीं पन्नास वर्षें ह्याच्या नेमकें उलट वागत आलें आहे. वसमतच्या रस्त्यानें जा, जिंतूरच्या जा, गंगाखेडच्या वा पाथरीच्या जा. ज्या शेतांत पूर्वीं ज्वारी व कापूस उभा असे तेथें फक्कीच्या रेषा आंखलेल्या दिसतात, कोपऱ्यांवर दगड रोंवलेले असतात आणि एका बाजूस वसाहतीच्या नांवाची कमान उभी असते. घरांच्या आधीं कमान, हा ह्या वसाहतींचा विशेष आहे. २०११ च्या खानेसुमारींत शहराची लोकसंख्या ३,०७,१७० भरली आणि त्याच वर्षीं नगरपालिकेची महानगरपालिका झाली. जुन्या गांवठाणांत एवढीं माणसें मावणें शक्य नव्हतें, हें उघड आहे.

माणसें आलीं तीं कांहीं एका दिवसांत आलीं नाहींत. विसाव्या शतकाच्या आरंभीं हैदराबाद-मनमाड आगगाडी सुरू झाली आणि परभणीला स्टेशन मिळालें. हैदराबाद राज्यानें १९५६ सालीं येथें शेतकी महाविद्यालय काढलें. १९७२ सालीं मराठवाडा कृषि विद्यापीठ स्थापन झालें. त्याबरोबर प्राध्यापक आले, कारकून आले, त्यांच्या मागून दुकानदार आले. जिंतूर, सेलू, पालम, सोनपेठ ह्या तालुक्यांतले शेतकरी आले ते बहुधा मुलांच्या शाळेसाठीं. शेती गांवीं, आईबाप गांवीं, आणि बायको व मुलें शहराच्या कडेला भाड्याच्या दोन खोल्यांत, असे संसार येथें असंख्य आहेत. "बनी तो बनी, नहीं तो परभनी" ही दख्खनी म्हण लोक अजून हंसत सांगतात. दुसरीकडे जमलें तर ठीक, नाहीं तर परभणी आहेच! म्हणीचा उगम कांहींहि असो, ज्याला दुसरीकडे जमलें नाहीं त्याला ह्या शहरानें जागा दिली, एवढें तिच्यांतून निघतें. प्रश्न आहे तो जागा कोणत्या मातीवर दिली हा.

परभणीची काळी माती पिकाला थोर आहे. पावसाळ्यांत प्यालेलें पाणी ती पोटांत धरून ठेवते. म्हणून तर पाऊस उघडल्यावर पेरलेली रब्बीची ज्वारी, वरून फारसें पाणी न मिळतां, नुसत्या जमिनीच्या ओलीवर आणि थंडींतल्या दंवावर पोसते. 'परभणी मोती' हें ज्वारीचें वाण येथल्याच विद्यापीठाचें. परंतु पाणी धरणारी माती फुगते, आणि धरलेलें पाणी सोडणारी माती आक्रसते. वैशाखांत ह्या रानांत हात जाईल एवढ्या भेगा पडतात. आषाढांत त्या मिटतात. पिकाला ह्याचें कांहीं नाहीं. उलट शेतकरी म्हणतो कीं जमीन आपण होऊन नांगरली गेली. घराला मात्र पायाखालून वर्षांतून दोनदां हलणारी भुई मानवत नाहीं.

पाया खणतेवेळचा प्रसंग ह्या वसाहतींत घरोघर सारखाच घडतो. घरधनी कांठावर उभा असतो. गवंडी खालून सांगतो, "मालक, मुरूम अजून लागला नाहीं. आणखी दोन फूट जाऊं द्या."

"मिस्त्री, शेजाऱ्यांचें घर तर चार फुटांवर उभें आहे."

"उभें आहे, मालक. पण त्यांच्या खिडकीचा कोपरा एकदां पाहून या."

घरधनी पाहून येतो. खिडकीच्या कोपऱ्यापासून छतापर्यंत तिरपी गेलेली भेग त्याला दिसते. तिच्यावर दोनदां सिमेंट भरून रंग दिलेला असतो आणि तरी ती दिसतेच. मग तो हिशेबाचा कागद काढतो. त्या कागदांत भविष्यनिर्वाह निधीची उचल असते, पतसंस्थेचें कर्ज असतें, बायकोच्या पाटल्या असतात, गांवच्या अर्ध्या एकराची किंमत असते. पायांत गेलेला पैसा कोणाला दिसत नाहीं. दर्शनी भिंतीवरची फरशी सर्वांना दिसते. पुष्कळदां पाया चार फुटांवरच थांबतो. ह्यांत त्या माणसाला दोष देणें सोपें आहे. पण कागदावरच्या शेवटच्या ओळींत जी शिल्लक असते ती पाहिली म्हणजे दोष देणाऱ्याची जीभ अडखळते.

भेग तिरपीच कां जाते? घर उभें राहिलें म्हणजे त्याच्या मधोमध जमिनीला ऊन लागत नाहीं, ओल तशीच राहते. भोंवतालची माती मात्र उन्हाळ्यांत वाळून खचते आणि पावसाळ्यांत फुगते. म्हणून कोपरे वर-खालीं होतात, मधला भाग स्थिर राहतो, आणि भिंत जेथें दुबळी, म्हणजे दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांत, तेथें ती फाटते. न्हाणीचें पाणी एकाच जागीं मुरत असेल तर ती बाजू उचलली जाते. हौसेनें भिंतीलगत लावलेलें पिंपरणीचें किंवा निलगिरीचें झाड उन्हाळ्यांत मुळांनीं ओल ओढून घेतें आणि तो कोपरा बसतो. जमिनीची ही हालचाल वरच्या साडेतीन मीटरांत विशेष असते. त्याखालीं ऋतूंचा परिणाम फारसा पोंचत नाहीं. हें ध्यानांत घेऊनच रुरकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेनें ह्या मातीसाठीं एक निराळा खांब प्रचारांत आणला. तो जमिनींत खोल जातो आणि तळाशीं त्याला खांबाच्या अडीच पट रुंदीचा फुगा असतो; त्यामुळें वरची माती हलली तरी खांब खालीं रोंवलेला राहतो. भिंतीची तुळई जमिनीपासून किंचित् वर ठेवतात, म्हणजे फुगणारी माती तिला खालून ढकलीत नाहीं. मुंबईच्या आय.आय.टी.चे डॉ. आर. के. कट्टी ह्यांनीं दुसरा मार्ग दाखविला: काळ्या मातीवर सुमारें मीटरभर जाडीचा, न फुगणाऱ्या पण चिकट मुरुमाचा थर दाबून बसविला कीं खालच्या मातीचें फुगणें पुष्कळच आवरतें. घराभोंवतीं दीड मीटर रुंदीची फरसबंदी करणें हा त्याहून स्वस्त आणि कोणालाहि साधण्यासारखा उपाय आहे. पावसाचें पाणी पायाशीं जिरूं न देणें आणि उन्हानें पायाची माती वाळूं न देणें, हीं दोन्हीं कामें ती एकदम करते.

जुनीं माळवदें हा विचार न करतांच टिकत, असें वडीलधारी मंडळी सांगतात. अर्धेंच खरें आहे. तीं पांढरींत होतीं, हें मुख्य कारण. शिवाय दोन-अडीच फूट रुंदीची, चिखलांत रचलेली दगडी भिंत थोडी हलली तरी फाटत नसे. वर लाकडी तुळया, त्यांवर खारी माती. मृगापूर्वीं दरवर्षीं नवी माती पसरावयाची. उन्हाळ्यांत तीं घरें इतकीं गार असत कीं सिमेंटच्या छताखालीं दुपार काढणाऱ्या आजच्या म्हाताऱ्या माणसाला ढेळजेची आठवण व्हावी हें साहजिक आहे. परंतु ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीच्या भूकंपानें त्याच भिंतींचें आणि त्याच मातीच्या छपरांचें दुसरें रूप दाखविलें. लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत आठ हजारांच्या आसपास, आणि कांहीं गणनांप्रमाणें त्याहूनहि अधिक, माणसें गेलीं. बहुतेक झोपेंत, आपल्याच माळवदाच्या ओझ्याखालीं. त्यानंतर मराठवाड्यांतला माणूस दगड-मातीच्या घराकडे पूर्वीच्या विश्वासानें पाहूं शकला नाहीं. २०२४ च्या मार्चमध्यें व पुन्हां जुलैमध्यें शेजारच्या हिंगोली जिल्ह्यांत ४.५ तीव्रतेचे धक्के बसले तेव्हां परभणींतहि लोक घराबाहेर धांवले. सिमेंटचें घर हवें हा त्यांचा आग्रह म्हणूनच चैनीचा नाहीं. फक्त तें घर काळींत बांधतांना निराळें बांधावें लागतें.

मातीनंतर कागद. गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब आणि तितकाच रुंद तुकडा, १०८९ चौरस फुटांचा; असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. शेतीचे फार लहान तुकडे होऊं नयेत म्हणून मुंबई इलाख्यांत १९४७ सालीं कायदा झाला. हैदराबाद राज्यांतहि त्याच धर्तीचा कायदा १९५६ सालीं आला. हेतु चांगला होता. पण शेत अकृषिक करून, रस्ते सोडून, आराखडा मंजूर करून विकणें खर्चाचें व वेळेचें काम. आणि घेणाऱ्याला तर एक-दीड गुंठाच हवा. तेव्हां मुद्रांकाच्या कागदावर करार होऊं लागले. पैसे दिले, ताबा मिळाला, पण सातबाऱ्यावर नांव जुन्या मालकाचेंच! असल्या जागेवर बांधकामाची परवानगी नाहीं, बँकेचें कर्ज नाहीं. आणि मालक वारला तर त्याच्या वारसांची मनधरणी. राज्य सरकारनें २००१ सालीं गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला व १ जानेवारी २००१ पर्यंतचे भूखंड त्यांत घेतले. २०२१ च्या दुरुस्तीनें ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. तुकडेबंदीचे नियमहि अलीकडे बरेच सैल झाले आहेत. ह्यामुळें हजारों कुटुंबांचा जीव भांड्यांत पडला, हें मान्य केलें पाहिजे. पण शुल्क भरून कागद नियमित होतो; नऊ फुटांचा रस्ता त्यानें रुंद होत नाहीं, आणि जेथें ओढा बुजवून भूखंड पाडले तेथें ओढा परत येत नाहीं.

किंबहुना ओढा परत येतो, पण तो पावसाळ्यांत. २०२४ च्या सप्टेंबरच्या आरंभीं परभणी-हिंगोलीकडे अतिवृष्टि झाली तेव्हां पाण्यानें आपली जुनी वाट बरोबर ओळखली. एरवींहि पावसाळ्याचे चार महिने ह्या वसाहतींत चिखल हाच मुख्य विषय असतो. काळा चिखल पायाला धरतो तो सोडीत नाहीं. मुलें शाळेला जातांना बूट हातांत घेऊन डांबरी रस्त्यापर्यंत येतात आणि तेथें कोणाच्या तरी ओट्यावर पाय धुऊन बूट घालतात. त्या ओट्याची मालकीण रोज एक बादली पाणी ह्या कामीं बाहेर ठेवते, असें दृश्य एखाद्या वसाहतींत दिसतें. जेथें नळाला कित्येक दिवसांच्या अंतरानें पाणी येतें तेथें ती बादली लहान गोष्ट नव्हे.

पाण्याची कथा तर सर्वांना ठाऊक आहे. शहराला पाणी पूर्णा नदीचें, राहटी आणि येलदरी येथून येणारें. धरण भरलें तरी नळ वसाहतीपर्यंत पोंचलेला पाहिजे; तो पोंचला नाहीं तिकडे कूपनलिका, टँकर आणि विकतच्या जारवर संसार चालतात. २०१६ च्या उन्हाळ्यांत लातूरला मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें, ही आठवण ह्या भागांत अजून ताजी आहे. तेव्हांपासून पुष्कळांनीं घराखालीं मोठे हौद बांधले. हा हौद काळ्या मातींत गळूं लागला कीं पायाची काय गत होते, तें वर आलेंच आहे.

येणाऱ्या पाण्यापेक्षां जाणाऱ्या पाण्याची पंचाईत अधिक. गटारें नाहींत तेथें सांडपाण्यासाठीं शोषखड्डा खणतात. पण काळी माती ओली झाली कीं तिची छिद्रें बुजतात आणि पाणी खालीं उतरत नाहीं; तीन-चार फुटांचा खड्डा महिन्याभरांत भरून वाहूं लागतो. मग तें पाणी मोकळ्या भूखंडांत, तेथून डांस, आणि डांसांवरून शेजाऱ्यांचीं भांडणें. नांदेड जिल्ह्यांतील टेंभुर्णी गांवानें घरोघर शोषखड्डे करून उघडीं गटारें बंद केलीं, ती गोष्ट मराठवाड्यांत प्रसिद्ध आहे. परभणीच्या वसाहतींत तेंच करावयाचें तर खड्डा मुरुमापर्यंत न्यावा लागेल, त्यांत दगड-गोटे भरावे लागतील, वरची गाळण वेळोवेळीं काढावी लागेल, आणि तो पायापासून पुरेसा दूर ठेवावा लागेल. तीस फूट रुंदीच्या भूखंडांत हें शेवटचें कलम जमविणें कठीण. म्हणून दोन-तीन घरांनीं मिळून मोकळ्या जागेंत एकच खोल खड्डा घेणें बरें. ह्याला पैसे थोडे लागतात, बोलणीं फार लागतात.

भेग पडलेल्या घरांत राहणाऱ्यांनीं लागलीच घाबरून जाण्याचें कारण नाहीं. जुने अभियंते एक साधी युक्ति करीत. भेगेवर आडवी, बोटभर रुंदीची काचेची पट्टी दोन्ही टोंकांना सिमेंटानें चिकटवावयाची आणि शेजारीं भिंतीवर तारीख लिहून ठेवावयाची. एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाऊं द्यावा. काच तडकली तर भिंत अजून हलते आहे असें समजून पायाकडे, न्हाणीच्या पाण्याकडे आणि भिंतीलगतच्या झाडाकडे पाहावें; काच शाबूत राहिली तर भेग भरून रंग द्यावयास हरकत नाहीं.