रक्ताचे संशोधन आणि सम्यक वाणी



संस्थेने आम्हाला आमच्या कामाविषयी बोलण्याची आज्ञा केली. आमचे काम तसे पडद्यामागचे. डॉक्टर मंडळी संशोधन करतात, त्यावर इंग्रजीत लेख लिहितात आणि तो वैद्यकीय नियतकालिकाकडे पाठविण्यापूर्वी आमच्याकडे तपासायला येतो. अमरावती, अकोला, यवतमाळकडून आमच्याकडे येणारे बरेचसे लेख रक्ताच्या आजारांवरचे असतात, आणि त्यातही सिकलसेलवरचे अधिक.

हा आजार आपल्या समाजाला परका नाही. १९१० साली शिकागोच्या डॉ. हेरिक यांनी विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशींचे प्रथम वर्णन केले. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये त्या आढळल्या. पुढे १९५८ मध्ये शुक्ला आणि सोलंकी यांचा मध्य भारतातील सिकलसेलसंबंधीचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला. तेव्हापासून विदर्भातील आदिवासी आणि पूर्वाश्रमीचा महार, म्हणजे आजचा बौद्ध समाज यांचा उल्लेख या संशोधनात सातत्याने होत आला आहे. म्हणजे रक्त आपले आणि त्यावरचा लेख दुसऱ्याचा, अशी ही स्थिती आहे. म्हणूनच त्या लेखात काय लिहिले जाते, हे आपण पाहिले पाहिजे.

पुष्कळांना वाटते, संपादन म्हणजे व्याकरण सुधारणे. ते तर करावेच लागते. परंतु खरे काम पुढे आहे. एक उदाहरण घेऊ. समजा, एका दवाखान्यात २०० जणांचे रक्त तपासले. त्यांत १८ वाहक आणि २ रुग्ण निघाले. लेखक लिहितो, ‘या समाजातील १० टक्के लोक सिकलसेलने ग्रस्त आहेत.’ या एका वाक्यात दोन चुका आहेत. पहिली, वाहक हा रुग्ण नव्हे. त्याला आईकडून किंवा वडिलांकडून एकच सदोष जनुक मिळालेले असते आणि तो सहसा निरोगी आयुष्य जगतो. रुग्णाला ते दोघांकडून मिळते. म्हणजे येथे रुग्ण १ टक्का, वाहक ९ टक्के. दुसरी चूक अशी की हे २०० जण दवाखान्यात आलेले होते, घरोघरी जाऊन निवडलेले नव्हते. त्यांच्यावरून संपूर्ण समाजाचा आकडा काढता येत नाही. अशा वेळी आम्ही समासात प्रश्न लिहून लेख परत पाठवितो. आकडा स्वतः बदलत नाही. तो अधिकार लेखकाचा.

हे वाक्य तसेच छापले गेले तर काय होते? दुसरा संशोधक ते उचलतो, तिसरा त्याचा आधार घेतो, आणि काही वर्षांनी ‘त्या लोकांचे रक्तच खराब’ ही जुनी विषारी भाषा विज्ञानाचा वेष घेऊन परत येते. वास्तविक १९५४ मध्ये ॲलिसन यांनी दाखवून दिले की, सिकलसेलच्या वाहकाला गंभीर मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते. त्यामुळे जेथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता, अशा आफ्रिका, अरबस्तान, ग्रीस आणि भारतातील लोकांत हे जनुक टिकले. ते जात विचारून आलेले नाही.

शब्दांचाही असाच विचार करावा लागतो. रुग्णाला त्याच्या आजाराच्याच नावाने हाक मारू नये. ‘सिकलसेल असलेली व्यक्ती’ असे लिहावे. समाजाचा उल्लेख संशोधनाला आवश्यक असेल तरच करावा आणि तो समाज स्वतःला जे नाव लावतो त्याच नावाने करावा. गाव, वय, व्यवसाय आणि आडनाव एकत्र छापले तर लहान गावात माणूस लगेच ओळखू येतो. त्या घरच्या मुलीचे लग्न मोडायला तेवढे पुरते.

आता आमच्या हातून झालेली एक चूक सांगतो. लेख तपासताना एका लेखातील ‘आईवडील दोघेही वाहक असतील तर चार मुलांपैकी एक आजारी होते’ हे वाक्य आम्ही तसेच राहू दिले. पुढे तेच वाक्य एका मराठी पत्रकात गेले. अकोला जिल्ह्यातील एका शिबिरात एक माउली ते पत्रक घेऊन आमच्याकडे आली आणि म्हणाली, “भाऊ, माह्यं पयलं पोरगं बिमार निंघालं. मंग आता पुढचे तीन चांगलेच होतीन नं?” आम्हाला उत्तर सुचेना. खरी गोष्ट अशी की प्रत्येक गर्भारपणात धोका नव्याने तेवढाच असतो: आजारी मूल होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक ५० टक्के, दोषमुक्त २५ टक्के. आधीच्या मुलामुळे तो कमी होत नाही. ‘प्रत्येक वेळी’ हे दोन शब्द आम्ही घातले असते, तर त्या माउलीची फसगत झाली नसती. त्या दिवसापासून हे वाक्य आले की आमची लेखणी थांबते.

तथागतांनी अष्टांगिक मार्गात सम्यक वाणी सांगितली. असत्य बोलू नये, फूट पाडणारे बोलू नये, कठोर बोलू नये, व्यर्थ बोलू नये. आमच्या धंद्याला याहून चांगली नियमावली आम्हाला सापडलेली नाही. वैद्यकीय संपादकांचा एक गट १९७८ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर येथे प्रथम एकत्र आला. त्यातून लेखनाचे समान नियम तयार झाले. त्यांतही सार हेच आहे: ज्याने काम केले आणि जो जबाबदारी घेतो तोच लेखक, आणि ज्याने केवळ भाषा सुधारली त्याचे आभार मानावेत. म्हणून आम्ही लेखकांच्या यादीत नाव मागत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला दोन विनंत्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय निर्मूलन अभियान सुरू झाले. २०४७ पर्यंतचे त्याचे उद्दिष्ट आहे. तेव्हा तपासणी करून घ्या, आपला अहवाल स्वतः वाचा, आणि लग्नापूर्वी दोन्ही घरांनी तो न लाजता समोर ठेवावा. रक्त देताना ते कशासाठी घेतले जाते, निष्कर्ष आम्हाला कळविणार काय, हे विचारा. संमतीपत्रकावर अंगठा उठविण्याचे दिवस गेले.

दुसरी विनंती, विज्ञान शिकणाऱ्यांनी चांगले इंग्रजी आणि थोडे संख्याशास्त्र शिकून या कामात यावे. बाबासाहेबांनी १९२० साली ‘मूकनायक’ काढला तो आपले म्हणणे आपण मांडावे म्हणून. आपल्या रक्ताविषयी जे लिहिले जाते ते तपासायला आणि पुढे लिहायलाही आपली माणसे असली पाहिजेत. आमच्या टेबलाजवळ एक खुर्ची रिकामी आहे. तुमच्यापैकी कोणी येऊन बसले, तर आजचे बोलणे सार्थकी लागेल.

जय भीम! नमो बुद्धाय!