राउटरची मांडणी आणि गावचा शिक्षक

(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्रसंमेलनातील व्याख्यानाचा मजकूर)



बीड जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षकाच्या दप्तराचा मोठा भाग आता कागदावर राहिलेला नाही. विद्यार्थ्यांच्या नोंदी, यू-डायस प्लसची माहिती, पोषण आहाराचा हिशेब, दीक्षावरील प्रशिक्षण ही सारी कामे इंटरनेटच्या आधारानेच पुरी करावी लागतात. मार्च २०२० मध्ये शाळांची दारे बंद झाली तेव्हा तर अध्यापनही त्याच वाटेने करण्याची वेळ आली. शाळेत जोडणी नसली, किंवा असून ती चालत नसली, की शिक्षक हे काम सायंकाळी घरी नेतो. यास्तव शिक्षकाच्या घरी भिंतीवर लुकलुकणारा राउटर हा केवळ करमणुकीचा सरंजाम नव्हे. शाळेच्या कपाटाला जशी किल्ली असते व ती कोणाकडे आहे हे जसे मुख्याध्यापकास ठाऊक असते, तशीच व्यवस्था या पेटीचीही असली पाहिजे.

खेड्यापर्यंत काचेचा तंतू आणण्याच्या योजनेस केंद्र शासनाने २०११ मध्ये मान्यता दिली. २०१५ मध्ये तिला भारतनेट हे नाव मिळाले. ग्रामपंचायतीपर्यंत तंतू पोचविणे हा तिचा मूळ हेतू. काचेतून प्रकाश पाठवून दूरवर संदेश नेता येईल, मात्र त्यासाठी काच अतिशय शुद्ध हवी, हा विचार चार्ल्स काव यांनी १९६६ मध्ये मांडला. त्या कार्याबद्दल त्यांना २००९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. ब्रॉडबँड या शब्दाचा अर्थही भारतात बदलत गेला आहे. २००४ च्या धोरणात सेकंदाला २५६ किलोबिट एवढा वेग पुरेसा मानला होता. २०१३ मध्ये ती मर्यादा ५१२ किलोबिट झाली, व २०२३ मध्ये २ मेगाबिट ठरविण्यात आली. येथे एक खुलासा अवश्य करावयास हवा. कंपनी वेग सांगते तो मेगाबिटमध्ये, आणि फाइलचा आकार दिसतो तो मेगाबाइटमध्ये. आठ बिट मिळून एक बाइट होते. ३० मेगाबिटच्या जोडणीवर ४५ मेगाबाइटची फाइल उतरण्यास उत्तम परिस्थितीतही बारा सेकंद लागतील, आणि घरात त्याच वेळी आणखी दोघे चित्रफीत पाहत असतील तर त्याहून अधिक. पुष्कळांची कंपनीविषयीची तक्रार या एका भागाकाराने मिटते.

आता पेटीकडे वळावे. तिच्यात बहुधा दोन यंत्रे एकत्र असतात. पहिले यंत्र तंतूतून आलेल्या प्रकाशाचे विजेच्या संदेशात रूपांतर करते. दुसरे, म्हणजे खरा राउटर, तो संदेश घरातील योग्य त्या उपकरणास पोचवितो. जुन्या वाड्याच्या देवडीवर एक माणूस बसलेला असे. बाहेरच्या जगाला वाड्याचा एकच पत्ता ठाऊक. आत कोण कोणत्या खणात राहतो हे देवडीवरच्याला ठाऊक. पत्र आले की त्याने ते नेमक्या हाती द्यावयाचे, आणि अनोळखी माणूस आत शिरू लागला की त्याला अडवावयाचे. राउटरचे काम हुबेहूब असेच आहे. देवडीवरचा माणूस फितूर झाला तर वाड्याची भिंत कितीही उंच असून उपयोग नाही, हेही यावरून ध्यानात येईल.

जोडणी करणारा कारागीर येतो, दाराच्या चौकटीला भोक पाडतो, तंतू आत घेतो, मोबाइलवर काहीतरी उघडून दाखवितो आणि निघून जातो. त्याला त्या दिवशी आणखी चार गावे करावयाची असतात. त्याला दोष देण्याचे कारण नाही. परंतु जोडणी खऱ्या अर्थाने पुरी होते ती तो गेल्यानंतरच्या अर्ध्या तासात, आणि तो अर्धा तास शिक्षकाने स्वतः द्यावयाचा असतो.

कारागीर निघण्यापूर्वी जागेचा विचार मात्र करून घ्यावा, कारण तंतू एकदा ठोकला की पेटी हलविणे कठीण जाते. वाय-फायच्या लहरी चहूकडे पसरतात. म्हणून पेटी घराच्या मध्यभागी व उंचावर असावी. पोलादी कपाटात, टीव्हीच्या मागे किंवा पाण्याच्या टाकीआड ती ठेवू नये. धातू लहरींना परतवितो आणि पाणी त्यांना शोषून घेते. मराठवाड्यातील जुन्या माळवदाच्या घरांना दगडमातीच्या हात-दीड हात जाडीच्या भिंती असतात. तशा दोन भिंतींपलीकडे लहर क्षीण झाली तर तो पेटीचा दोष समजू नये. बहुतेक पेट्या आता दोन प्रकारच्या लहरी देतात. २.४ गिगाहर्ट्झची लहर दूर जाते, भिंतही बरी पार करते, पण तिचा वेग कमी. ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान, पण जवळपासच्या अंतरापुरती. पेटीच्या खोलीत बसून काम करणाऱ्याने दुसरी घ्यावी, ओसरीवर बसणाऱ्याने पहिली. जो संगणक जागचा हलत नाही त्याला सरळ तारेने जोडावे. तारेसारखा खात्रीचा मार्ग दुसरा नाही. तंतूला काटकोनात वाकवू नये, त्यावर खुर्चीचा पाय येऊ देऊ नये, आणि त्याचे उघडे टोक डोळ्यासमोर कधीही धरू नये. त्यातून येणारा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो. घरात लहान मुले असतील तर ही गोष्ट त्यांना पहिल्याच दिवशी बजावून सांगावी.

यानंतर मुख्य काम. पेटीच्या खालच्या बाजूस एक चिठ्ठी चिकटविलेली असते. तिच्यावर आतील पानाचा पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१ असा, आणि त्या पानात शिरण्याचे नाव व परवलीचा शब्द छापलेला असतो. प्रथम या चिठ्ठीचे छायाचित्र घेऊन ठेवावे. मग त्याच पेटीच्या वाय-फायवर असलेल्या मोबाइलवर किंवा संगणकावर, जेथे संकेतस्थळाचा पत्ता लिहितात तेथे, हे आकडे इंग्रजी अंकांत लिहावेत. पान उघडते. ते इंग्रजीत असते व प्रत्येक कंपनीचे थोडे निराळे असते. त्याला घाबरण्याचे कारण नाही. जे समजत नाही त्याला हात न लावणे एवढे पथ्य पुरेसे आहे.

येथे परवलीचे तीन शब्द असतात, आणि त्यांचा घोटाळा करण्यातच बहुतेकांचा वेळ जातो. एक वाय-फायचा, तो घरातील सर्वांना ठाऊक असतो. दुसरा या आतील पानाचा. तो घरात एक-दोघांनाच ठाऊक असावा. तिसरा कंपनीने ग्राहकास दिलेला; काही जोडण्यांत राउटर तो वापरून कंपनीच्या यंत्राला आपली ओळख पटवितो. हा तिसरा कारागिराकडून कागदावर लिहून घ्यावा. तो मागण्यास संकोच करू नये.

पहिले दोन शब्द त्याच दिवशी बदलावेत. यावर इतका भर का, ते पाहावे. २०१६ मध्ये मिराई नावाच्या एका घातक प्रोग्रामने जगभरातील कॅमेरे व राउटर काबीज केले. त्याची युक्ती अगदी साधी होती. कारखान्यातून येताना जे परवलीचे शब्द घातलेले असतात त्यांची एक यादी घेऊन तो दारोदार फिरत होता. ज्याने शब्द बदलला नव्हता त्याचे दार उघडले. पुढच्याच वर्षी, जुलै २०१७ मध्ये, भारत संचार निगमाच्या ग्राहकांचे अनेक मोडेम अशाच हल्ल्यात निकामी झाले, आणि मूळचा शब्द बदलून घ्या असे ग्राहकांना सांगण्याची वेळ निगमावर आली. हे चोर बीडला येतील कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु ते गाव पाहून येत नाहीत. यंत्र यादीतील पत्ते एकामागून एक ठोठावीत जाते. त्याला मुंबई आणि पाटोदा सारखीच.

शिक्षकाच्या बाबतीत हानी केवळ त्याच्या पेटीपुरती राहत नाही. त्याच्या संगणकावरून विद्यार्थ्यांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक, पालकांचे मोबाइल क्रमांक जातात-येतात. राउटरच्या आतील पानावर परक्याचा हात पडला तर तो देवडीवरच्या माणसास खोटे सांगण्यास शिकवितो. शिक्षक शासनाच्या पानाचा पत्ता विचारतो आणि त्याला हुबेहूब तसेच दिसणारे भलतेच पान दाखविले जाते. अशा वेळी संगणक बहुधा ‘ही जागा सुरक्षित नाही’ अशी सूचना देतो. माहिती भरण्याची अंतिम तारीख डोक्यावर असते, म्हणून ती सूचना बाजूला सारून पुढे जाण्याचा मोह होतो. त्या क्षणी थांबलेच पाहिजे. फसवणूक होऊन पैसा गेलाच तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे.

नवा शब्द निदान बारा अक्षरांचा असावा. शाळेचे नाव, गावाचे नाव, मुलाची जन्मतारीख हे वर्ज्य. यू-डायस क्रमांकही वर्ज्य. तो अकरा आकडी असल्याने भक्कम वाटतो, परंतु तो शाळेच्या भिंतीवरच रंगविलेला असतो! परस्परांशी संबंध नसलेले तीन-चार शब्द घेऊन त्यांत आकडे मिसळावेत, लक्षातही राहते. त्याच पानावर सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए-२ किंवा, उपलब्ध असल्यास, डब्ल्यूपीए-३ निवडावा. डब्ल्यूपीएस ही बटण दाबून जोडण्याची सोय आणि बाहेरून पेटी चालविण्याची सोय बंद ठेवावी. कंपनीने दुरुस्तीसाठी दुसरी चालू ठेवली असेल तर तिला विचारून निर्णय घ्यावा.

शब्द बदलला तरी तो टिकविणे हे गावात फार अवघड असते. शेजारी मागतो, भिडेपोटी द्यावा लागतो, आणि आठवड्यात तो पारावर पोचतो. पुढे कोणी त्या जोडणीवरून आगळीक केली तर जोडणी ज्याच्या नावावर, चौकशी प्रथम त्याच्याकडे. उलट बाजूनेही विचार करावा लागतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीस जातात. मुलांची शाळा सुटू नये म्हणून गावोगाव हंगामी वसतिगृहे चालविली जातात. मागे राहिलेल्या मुलाने सायंकाळी शिक्षकाच्या ओसरीवर येऊन, फडावरच्या आईचा चेहरा पाहत दोन शब्द बोलावे, यासाठी दार बंद ठेवणारा शिक्षक विरळा. त्याने ते बंद ठेवूही नये. बहुतेक राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळे वाय-फाय उघडण्याची सोय असते. त्याचे नाव निराळे, शब्द निराळा. त्यावर आलेल्यास इंटरनेट मिळते, पण घरातील संगणकाकडे जाण्याची वाट मिळत नाही. मुले, पालक, शेजारी यांना हेच द्यावे आणि महिन्याकाठी त्याचा शब्द बदलावा. ओसरी सर्वांना मोकळी आणि माजघर घरच्यांना, ही घराची जुनीच रीत आहे.

जोडणी बंद पडली की तक्रारीपूर्वी दिवे वाचावेत. पॉन असे लिहिलेला दिवा स्थिर हिरवा असेल तर तंतू व कंपनीचे यंत्र यांची ओळख पटलेली आहे. एलओएस हा दिवा तांबडा झाला तर प्रकाशच पोचत नाही. वाटेत कोठेतरी रस्त्याच्या किंवा नालीच्या खोदकामात तंतू तुटला असेल, अथवा घरात उंदराने कुरतडला असेल. अशा वेळी पेटी दहादा चालू-बंद करून काहीही होणार नाही. सरळ तक्रार नोंदवावी आणि ‘एलओएस तांबडा आहे’ असे सांगावे. एवढ्या एका वाक्याने कारागीर योग्य साहित्य घेऊन निघतो व त्याची एक खेप वाचते. दोन्ही दिवे ठीक असून इंटरनेट नसेल तर पेटी बंद करून दोन मिनिटांनी चालू करावी. मागील बारीक छिद्रातील रीसेटची कळ मात्र कधीही सहज म्हणून दाबू नये. टाचणीने ती आठ-दहा सेकंद दाबली की सारी मांडणी पुसली जाते, कंपनीने दिलेले नाव व शब्दही जातात, आणि जे काम पाच मिनिटांचे होते त्यासाठी कारागिराची वाट पाहत बसावे लागते.

वीज जाणे हे तर नित्याचेच. पेटी बहुधा १२ व्होल्टवर चालते. तेवढ्याच व्होल्टचा, आणि अडॅप्टरवर छापलेल्या अँपिअरपेक्षा कमी नसलेला, छोटा बॅटरीसंच मिळतो. त्यावर ती काही तास चालू राहते. तंतूच्या वाटेवरील साध्या विभाजकास वीज लागत नाही. पण गावातील स्थानिक जाळ्यात मध्येच विजेवर चालणारे यंत्र असेल तर घरचा बॅटरीसंच एकटा काही करू शकणार नाही. हे जोडणी घेतानाच विचारावे. वळवाच्या दिवसांत विजा कडाडू लागल्या की पेटीचा व संगणकाचा प्लग काढून ठेवावा. काचतंतूतून वीज येत नाही, परंतु वीजपुरवठ्याच्या तारेतून ती येते.

बदलीचा प्रसंग उरला. शाळेच्या राउटरची मांडणी ज्या शिक्षकाने केली त्याने कार्यभार देताना आतील पानाचा शब्द, कंपनीचा ग्राहक क्रमांक व तक्रारीचा दूरध्वनी क्रमांक बंद पाकिटात मुख्याध्यापकांच्या स्वाधीन करावा आणि साठा नोंदवहीत तशी नोंद घ्यावी. नव्याने आलेल्या शिक्षकाने पहिल्या आठवड्यात तो शब्द बदलून पाकीटही बदलावे. घरची पेटी कंपनीस परत करावयाची असेल तर त्या वेळी, आणि केवळ त्याच वेळी, ती बारीक कळ टाचणीने दहा सेकंद दाबून मग पेटी कारागिराच्या हाती द्यावी.